साधनाचा शोध आणि साधनाची साक्ष : अमेरिकेतील गुलामांच्या आत्मकथनांच्या निमित्ताने

१

दलित आत्मकथने आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची आत्मकथने यांची तुलना हा मराठी समीक्षेत आता चांगलाच रुळलेला विषय आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपल्या नावातच अमेरिकेतील ब्लॅक पँथरशी नाते सांगितले होते. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला होता. या दोन घटनांमुळे तुलनेला ऐतिहासिक अधिष्ठान मिळाले आहे, हे खरेच. परंतु अशा तुलनेवर आधारलेले लेखन वाचताना एक विषमता वारंवार जाणवते. मराठी बाजूला अभ्यासकाच्या हाती मूळ संहिता, लेखकाच्या मुलाखती आणि तत्कालीन नियतकालिकांतील वादचर्चा असतात. अमेरिकन बाजूला मात्र एखादी अलीकडची आवृत्ती, तिची प्रस्तावना आणि दोन-तीन समीक्षाग्रंथ यांवरच भागवले जाते. संदर्भसूचीत ‘प्राथमिक साधने’ या शीर्षकाखाली त्या आवृत्तीचे नाव येते आणि प्रश्न मिटला असे मानले जाते.

तो मिटलेला नसतो, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अमेरिकेच्या इतिहासाची आणि संस्कृतीची मूळ साधने कोठे व कशी शोधावीत, हा वरवर पाहता ग्रंथालयशास्त्राचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो समीक्षेचाही प्रश्न आहे. कारण साधन आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, ते कोणी लिहून घेतले, कोणी छाटले, कोणाच्या नावाखाली जतन केले, या साऱ्याचा संहितेच्या अर्थाशी थेट संबंध असतो.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘प्राथमिक’ असणे हा कागदाचा अंगभूत गुण नव्हे. ते त्या कागदाचे आपल्या प्रश्नाशी असलेले नाते आहे. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामीविषयीचे प्राथमिक साधन नाही. तिच्यातील प्रशंसेचा रोख गुलामांसाठी स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकन लोकांकडे आहे. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा तिच्यात व्यक्त झाली आहे. स्वतः गुलामांनी केलेल्या धडपडीचा उल्लेख त्या अर्पणपत्रिकेत नाही. मात्र १८७३ च्या पुण्यात ‘अमेरिका’ या कल्पनेचा अर्थ काय होता, हा आपला प्रश्न असेल तर तीच अर्पणपत्रिका अव्वल दर्जाचे साधन ठरते. प्रश्न बदलला की साधनाचा दर्जा बदलतो, ही साधी बाब ध्यानात घेतली नाही तर शोधाची सुरुवातच चुकते.

२

मराठीत ‘साधन’ हा शब्द इतिहासलेखनाच्या क्षेत्रात रूढ झाला तो प्रामुख्याने वि. का. राजवाडे यांच्यामुळे. १८९८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांनी आपल्याला एक दंडक शिकवला : अस्सल समकालीन कागद श्रेष्ठ आणि मागाहून रचलेली बखर दुय्यम. राज्यव्यवहाराच्या इतिहासासाठी हा दंडक उपकारक ठरला. पण ज्यांना लिहिण्या-वाचण्याची मुभाच नव्हती अशा माणसांच्या इतिहासाला तो जसाच्या तसा लावला तर काय होईल? अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. तेथे समकालीन अस्सल कागद म्हणजे मालकाचा कागद : खरेदीखत, मृत्युपत्र, जमाखर्चाची वही, पळून गेलेल्या गुलामाच्या शोधासाठी दिलेली जाहिरात. गुलामाची स्वतःची कहाणी मागाहून, मुक्त प्रदेशात पोहोचल्यावर, बहुधा एखाद्या गोऱ्या हितचिंतकाच्या मदतीने लिहिली गेलेली. म्हणजे या दंडकानुसार बखरीच्याच पंक्तीत बसणारी. अशा स्थितीत साधनांची उतरंड जशीच्या तशी स्वीकारणे म्हणजे मालकाची साक्ष आधीच ग्राह्य धरणे होय.

हॅरिएट जेकब्स यांच्या ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ या आत्मकथनाच्या बाबतीत हेच घडले. नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन या गावी जन्मलेल्या जेकब्स मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखालील एका पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. ती जागा नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद होती. तिची सर्वाधिक उंची तीन फूट. १८४२ मध्ये त्या उत्तरेत निसटल्या. त्यांचे पुस्तक १८६१ साली बोस्टन येथे प्रसिद्ध झाले. त्यात निवेदिकेचे नाव लिंडा ब्रेंट असे आहे. संपादक म्हणून नाव होते लिडिया मारिया चाइल्ड या त्या काळच्या सुप्रसिद्ध गोऱ्या लेखिकेचे. लेखिकेने स्वतःच लिहिले असा निर्वाळा मुखपृष्ठावर असूनही पुढे शतकभर अनेक अभ्यासकांनी हे पुस्तक चाइल्ड यांनी रचलेली कादंबरी असावी असे मानले. जॉन ब्लासिंगेम यांचा ‘द स्लेव्ह कम्युनिटी’ हा १९७२ मधील ग्रंथ गुलामांच्या स्वतःच्या साक्षीला इतिहासाच्या केंद्रस्थानी आणणारा म्हणून योग्यच गौरवला गेला. पण त्यातही जेकब्स यांचे कथन विश्वसनीय नाही असा निर्णय दिलेला आहे. कथन फार सुसूत्र आहे, पात्रांच्या भेटी योगायोगाने घडतात, छळ आणि शीलरक्षण यांचे नाट्य पानोपानी आहे, असे त्यांचे आक्षेप होते.

हे आक्षेप नीट पाहिले तर ते वाङ्मयप्रकाराविषयीचे आक्षेप आहेत हे लक्षात येते. एकोणिसाव्या शतकातील भावप्रधान कादंबरीची वळणे जेकब्स यांनी उचलली होती, कारण त्यांना उत्तरेकडील गोऱ्या गृहिणींशी बोलायचे होते आणि त्या वाचकवर्गाला परिचित असलेली भाषा तीच होती. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनातील एकाकी, झुंजार पुरुषनायकाचा साचा ‘खऱ्या’ कथनाचे प्रमाण म्हणून मनात ठसला असल्यामुळे स्त्रीचे कथन बनावट वाटले. म्हणजे इतिहासकाराने साधन नाकारले ते समीक्षेतील एका न तपासलेल्या गृहीतकामुळे.

३

ही चूक दुरुस्त कशी झाली, हा भाग संशोधन-विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. जीन फेगन येलिन यांना जेकब्स यांची पत्रे सापडली ती न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तेथे आयझॅक आणि एमी पोस्ट या गुलामगिरीविरोधी चळवळीतील क्वेकर परंपरेच्या दांपत्याचे कौटुंबिक कागद आहेत. जेकब्स १८४९ च्या सुमारास रॉचेस्टरमध्ये पोस्ट कुटुंबाकडे राहिल्या होत्या. आपली कहाणी लिहावी असा आग्रह त्यांना एमी पोस्ट यांनीच केला. पुढे न्यूयॉर्कमध्ये नॅथॅनिएल पार्कर विलिस या लेखकाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करत असताना, मालकाला कळू न देता, रात्रीच्या वेळी त्यांनी लेखन केले. त्याची हकीकत त्या एमी पोस्ट यांना पत्रांतून कळवत राहिल्या. त्या पत्रांतील विरामचिन्हे आणि वर्णलेखन अनियमित आहे, पण आवाज मुद्रित पुस्तकाचाच आहे. येलिन यांनी १९८१ मध्ये ‘अमेरिकन लिटरेचर’ या नियतकालिकात हा पुरावा मांडला आणि १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून सटीप आवृत्ती प्रसिद्ध केली. कथनातील डॉक्टर फ्लिंट म्हणजे डॉ. जेम्स नॉरकॉम आणि मिस्टर सँड्स म्हणजे पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झालेले सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर, हेही कागदोपत्री निश्चित झाले.

या शोधापासून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, पीडिताची पत्रे बहुधा पीडिताच्या नावाखाली ठेवलेली नसतात. ज्याच्याजवळ घर होते, पेटी होती आणि कागद जपण्याची ऐपत होती त्याच्या नावाखाली ती असतात. म्हणून अभिलेखागाराच्या सूचीत आपल्या लेखकाचे नाव आढळले नाही याचा अर्थ साधन नाही असा होत नाही. त्या लेखकाने कोणाला पत्रे लिहिली असतील, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो. आपल्याशी थेट संबंध असलेले एक उदाहरण देता येईल. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. डु बॉइस यांनी त्याच वर्षी ३१ जुलै रोजी उत्तर दिले. हा पत्रव्यवहार पाहायचा तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट येथील डु बॉइस संग्रहाकडे वळावे लागते.

दुसरी गोष्ट, मालकाचा कागद टाकून द्यायचा नसतो; तो उलटा वाचायचा असतो. हॅरिएट पळाल्यानंतर १८३५ मध्ये नॉरकॉम यांनी नॉर्फोक येथील ‘अमेरिकन बीकन’ या वृत्तपत्रात शंभर डॉलर इनामाची जाहिरात दिली. मुलगी कोणत्याही ज्ञात कारणाशिवाय पळाली, असे त्या जाहिरातीत म्हटले आहे. हे विधान खोटे आहे. पण ओळख पटावी म्हणून त्याच जाहिरातीत ती सहज आणि अस्खलित बोलते, उत्तम शिवणकाम करते, असेही नोंदवले आहे. ज्या स्त्रीला स्वतःचे आत्मकथन लिहिणे शक्य नव्हते असे पुढे विद्वानांनी मानले, तिच्या वाक्चातुर्याचा दाखला तिच्या मालकाने पंचवीस वर्षे आधीच छापून ठेवला होता. मालकाला जे सिद्ध करायचे होते त्यासाठी हा कागद निरुपयोगी आहे. जे त्याच्याकडून नकळत लिहिले गेले त्यासाठी तो मोलाचा आहे.

तिसरी गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पोस्ट संग्रहातच चाइल्ड यांनी जेकब्स यांना १८६० मध्ये लिहिलेली पत्रे आहेत. जॉन ब्राउन यांच्यावरील शेवटचे प्रकरण वगळावे आणि आजीच्या आठवणीने पुस्तक संपवावे, अशी सूचना त्यांत आढळते. जॉन ब्राउन यांनी १८५९ मध्ये हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर सशस्त्र हल्ला केला होता आणि त्यांना फाशी झाली होती. आज आपण वाचतो ते पुस्तक आजीच्या स्मृतीशी येऊनच थांबते. म्हणजे या आत्मकथनाचा शेवट घरगुती आणि करुणरम्य आहे, स्त्रीची दृष्टी राजकारणापेक्षा कुटुंबाकडे वळते, असे निष्कर्ष काढणारा समीक्षक जेकब्स यांच्या नव्हे, चाइल्ड यांच्या निर्णयाचे विवेचन करत असतो. केवळ आवृत्ती हाती घेऊन बसणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही.

४

या कहाणीला अलीकडे आणखी एक जोड मिळाली आहे. हॅरिएट यांचे धाकटे भाऊ जॉन एस. जेकब्स हेही गुलामगिरीतून निसटले होते. त्यांनी गुलामगिरीविरोधी व्याख्याने दिली, देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम केले आणि सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियातून ऑस्ट्रेलिया गाठले. लंडनच्या ‘द लेझर अवर’ या धार्मिक वळणाच्या साप्ताहिकात १८६१ मध्ये चार भागांत आलेले त्यांचे ‘अ ट्रू टेल ऑफ स्लेव्हरी’ हे कथन अभ्यासकांना ठाऊक होते. परंतु त्याची मूळ, विस्तृत संहिता १८५५ मध्येच सिडनीच्या ‘एम्पायर’ या वृत्तपत्रात छापली गेली होती, हे जोनाथन श्रोडर यांनी ऑस्ट्रेलियाच्या अंकीकृत वृत्तपत्रसंग्रहात शोध घेताना उघड केले. २०२४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती ग्रंथरूपात आणली. तिचे शीर्षकच अमेरिकेवर सहा लाख जुलमी राज्य करतात असे बजावणारे आहे. ही संख्या गुलामांच्या मालकांची. तिच्यात अमेरिकेच्या राज्यघटनेवर आणि कायद्यांवर थेट, संतप्त हल्ला आहे. लंडनच्या आवृत्तीतून तो भाग बहुतांशी गळाला आणि उरली ती एका दुर्दैवी माणसाची हृदयद्रावक हकीकत.

सिडनीत जॉन जेकब्स यांच्यासमोर अमेरिकन चळवळीचा हितचिंतक संपादक नव्हता, चळवळीचा वाचकवर्गही नव्हता. आपले दुःख सिद्ध करण्याची जबाबदारी तेथे नव्हती. म्हणून ते देशाच्या कायद्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकले. बहिणीची बोस्टनमधील संहिता, भावाची सिडनीतील आणि लंडनमधील संहिता अशा तीन संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे ‘गुलामांचे आत्मकथन’ या प्रकाराची जी लक्षणे पाठ्यपुस्तकांत दिली जातात, म्हणजे दुःखाचे तपशीलवार चित्रण, संयत सूर आणि प्रतिष्ठितांची प्रमाणपत्रे, ती प्रकाराची लक्षणे आहेत की त्या प्रकाराला मिळालेल्या प्रकाशनव्यवस्थेची, असा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते ती मुख्यत्वे प्रकाशनव्यवस्थेची लक्षणे आहेत. शिवाय अमेरिकेच्या इतिहासाचे साधन अमेरिकेतच असेल हे गृहीतकही येथे गळून पडते. पंडिता रमाबाई यांचे १८८९ मधील अमेरिकेविषयीचे मराठी पुस्तक याच न्यायाने अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचे साधन आहे, आणि ते मूळ भाषेत वाचण्याची सोय ज्यांना आहे ते आपण आहोत.

५

लिखित साधनांची ही अवस्था, तर मौखिक साधनांची काय असेल? १९३६ ते १९३८ या काळात, महामंदीच्या दिवसांत, फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या सरकारी योजनेतून सतरा राज्यांतील पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या दोन हजार तीनशेहून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या. त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवल्या गेल्या. १९७२ पासून जॉर्ज रॉविक यांनी त्या अनेक खंडांत छापल्या. हा संग्रह थक्क करणारा आहे. तो वाचताना आपण गुलामाचा आवाज ऐकत आहोत असा भास होतो, आणि नेमका तोच तपासून पाहिला पाहिजे.

साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या सुझन हॅमलिन या वृद्धेची १९३७ मध्ये दोनदा मुलाखत झाली. एकदा जेसी बटलर या गोऱ्या स्त्रीने ती घेतली. आपण सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतून आलो आहोत, असा वृद्धेचा झालेला समज तिने दूर केला नाही. त्या मुलाखतीत मालक दयाळू होता असे सांगितले जाते. दुसऱ्यांदा ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने मुलाखत घेतली. तिच्यात वृद्धेचे आडनाव हॅमिल्टन असे पडले आहे आणि मजकुरात फटके, ताटातूट, विकल्या गेलेल्या मुलांसाठी फोडलेला टाहो आहे. दोन्ही कागद अस्सल आहेत, समकालीन आहेत, एकाच तोंडून आलेले आहेत. यांतील खरे कोणते, असे विचारण्यापूर्वी प्रत्येक कागद कोणासमोर बोलला गेला हे पाहावे लागते. भूक असलेल्या माणसाने मदत देऊ शकणाऱ्यासमोर केलेले बोलणे हाही इतिहासच आहे; मात्र तो १८५० च्या दशकाचा नसून १९३७ सालचा आहे.

याच संग्रहात लेखनाचाही एक पेच आहे. मुलाखतीतील बोली कशी लिहावी? पुष्कळ मुलाखतकारांनी उच्चार विकृत दिसतील अशा वर्णलेखनाचा सोस केला. योजनेत कृष्णवर्णीयांविषयीच्या विषयांचे संपादक असलेले कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी उच्चारांच्या नकलेपेक्षा बोलीच्या वळणाशी इमान राखावे असा सल्ला दिला होता. तो सर्वत्र पाळला गेला नाही. परिणामी, आज या संहितांच्या ‘बोलीभाषेचे सौंदर्य’ उलगडणारा समीक्षक काही वेळा गोऱ्या टंकलेखकाच्या कानाचे सौंदर्य उलगडत असतो. ग्रामीण आणि दलित साहित्यातील बोलीच्या लेखनाविषयी जी चर्चा मराठीत होत आली आहे तिच्याशी हा मुद्दा सरळ जोडता येतो.

६

काही ठिकाणी साधन मुळातच मुके असते. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहून त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण नोंदला आहे. गुलामाचे नाव सहसा नाही. बहुसंख्य मुक्त गुलामांची नावे प्रथम आढळतात ती १८७० च्या जनगणनेत. या दोहोंमधील दरी भरून काढण्यास फ्रीडमन्स ब्युरो या १८६५ ते १८७२ या काळातील सरकारी खात्याचे कागद उपयोगी पडतात. मजुरीचे करार, विवाहनोंदी, शिधावाटपाच्या याद्या, मारहाणीच्या तक्रारी असे त्यांचे स्वरूप आहे. याच काळातील फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या नोंदवह्यांत खातेदाराच्या आईवडिलांची, भावंडांची नावे आणि काही वेळा जुन्या मालकाचे व मळ्याचे नावही सापडते. बँकेने ही माहिती खातेदार ओळखण्यासाठी घेतली होती. आज ती विखुरलेली कुटुंबे जोडण्यासाठी वापरली जाते.

काही साधने असूनही नष्ट झाली. १८७२ मध्ये डग्लस यांचे रॉचेस्टरचे घर जळाले तेव्हा त्यांनी चालवलेल्या वृत्तपत्रांचा १८४८ ते १८६० या काळातील संचही त्यात गेला. अशा नाशाची जाणीव ज्यांना होती त्यांनीच संग्रह उभे केले. आर्तुरो शोम्बर्ग यांनी जमवलेला कृष्णवर्णीयांविषयीचा ग्रंथसंग्रह १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या दहा हजार डॉलरच्या साहाय्याने न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला; हार्लेममधील शोम्बर्ग केंद्र त्यातून वाढले. हॉवर्ड विद्यापीठाला जेसी मूरलँड यांनी १९१४ मध्ये दिलेला संग्रह हाही तसाच. सरकारी दफ्तरखान्यांत जे लिहिले गेले नाही ते शोधायचे तर अशा संग्रहांकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

यातील बरेच काही आज संगणकावर विनामूल्य पाहता येते. फेडरल रायटर्स प्रोजेक्टच्या मुलाखती आणि ऐतिहासिक वृत्तपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसने उपलब्ध केली आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या संग्रहात गुलामांची आत्मकथने पहिल्या आवृत्त्यांवरून दिलेली आहेत. पूर्वी शिष्यवृत्ती आणि विमानप्रवास यांवाचून जे अशक्य होते ते आता नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्यालाही साध्य आहे. साधन दूर आहे ही सबब त्यामुळे उरलेली नाही. मात्र या सोयीत एक धोका आहे. शब्द टाकून शोध घेणाऱ्याला त्या शब्दापुरतेच सापडते. आजच्या सभ्य संज्ञा एकोणिसाव्या शतकातील कागदांत नाहीत. त्या काळाचे, अपमानास्पद असले तरी, त्या काळाचेच शब्द शोधासाठी वापरावे लागतात. बोलीच्या चमत्कारिक वर्णलेखनामुळे आणि पुसट छपाईमुळे यंत्राच्या वाचनातून अनेक शब्द निसटतात. आणि शोधात सापडलेले एक पान आजूबाजूच्या पानांपासून तुटलेले असते. नॉरकॉम यांची जाहिरात एकटी वाचणे वेगळे आणि वृत्तपत्राच्या त्याच पानावरील इतर जाहिरातींच्या रांगेत वाचणे वेगळे. म्हणून सापडलेल्या पानाच्या मागचे-पुढचे अंक चाळणे, संग्रहाची वर्णनात्मक सूची आरंभापासून वाचणे, कागद संग्रहात कोणाकडून आला याची नोंद घेणे, ही जुनी कष्टाची कामे टळलेली नाहीत.

७

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सारे कष्ट मराठी तुलनाकाराने का घ्यावेत? पहिले उत्तर प्रामाणिकपणाचे आहे. एका बाजूला जिवंत, वादग्रस्त, अनेक हातांनी घडलेली संहिता आणि दुसऱ्या बाजूला प्रस्तावनेतून गाळून आलेला सारांश, अशी तुलना ही तुलनाच नव्हे. तीत अमेरिकेतील माणसांचे दुःख आपल्या विधानाला दिलेल्या उदाहरणापुरते उरते.

दुसरे उत्तर आपल्या स्वतःच्या साहित्याशी निगडित आहे. जेकब्स यांच्या पत्रांवरून आत्मकथनाचा शेवट कोणी ठरवला हे कळते, हे एकदा पाहिल्यावर तोच प्रश्न मराठीतही विचारावासा वाटतो. बेबीताई कांबळे यांनी फलटणला आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिले. मूळच्या अमेरिकेच्या आणि फलटणमध्ये स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांच्या उत्तेजनाने ते प्रकाशनाच्या वाटेला लागले. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. विलिस यांच्या घरी रात्री लपून लिहिणारी जेकब्स आणि दुकानात लपून लिहिणाऱ्या बेबीताई यांच्यातील साम्य मनाला भिडणारे आहे. परंतु केवळ साम्य नोंदवून थांबणे हा समीक्षेचा आळस होईल. मासिकातील पाठ आणि पुस्तकातील पाठ यांत काय बदलले, वह्यांतील मजकूर कसा होता, संपादकीय पत्रव्यवहारात काय ठरले, हे प्रश्न विचारले तरच ही तुलना समान पातळीवर येईल.

त्यासाठी ते कागद शिल्लक असावे लागतील. ‘बलुतं’ १९७८ चे, ‘उपरा’ १९८० चे. त्या पिढीच्या हस्तलिखित वह्या, मुद्रिते, संपादकांची पत्रे, लघुअनियतकालिकांचे अंक कोणाच्या माळ्यावर आहेत आणि किती काळ राहतील, याची पद्धतशीर यादी करण्याचे काम एखाद्या विद्यापीठीय विभागाने आपले म्हणून हाती घ्यायला हवे. पोस्ट कुटुंबाने एक पत्रांची जुडी जपली म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी एका लेखिकेला तिचे लेखकपण परत मिळाले. आपल्याकडील साक्षीदारांपैकी काही आज हयात आहेत आणि विचारले तर सांगू शकतात. तुलनेसाठी विषय शोधणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वह्या ठेवाव्यात : एकीत दूरच्या संग्रहातील कागदांच्या नोंदी, दुसरीत आपल्या तालुक्यातील एखाद्या लेखकाच्या घरी असलेल्या कागदांच्या. प्रबंधाचे काम पहिल्या वहीने होईल. दुसरी वही पुढच्या अभ्यासकाचे साधन ठरेल.